अम्मासाठी थंड हवा

कामशेत,
९ एप्रिल

चि. रज्जाक यास जैतुनआपाचे सलाम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी खरं बोलायला लागले की तुझं गिऱ्हाईक येतं आणि फोन कट होतो. कागद कट करता येत नाही, म्हणून लिहिते.

अम्माला पाऊस लागेपर्यंत लोणावळ्याला नेतो म्हणतोस. का, तर तिथली हवा थंड! अरे, कुठली थंड हवा? मागच्या आठवड्यात तुझ्याकडे आले, तेव्हा स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच तापल्या तव्यावर पडल्यासारखं झालं. तुझ्या लॉजच्या पाटीवर ‘थंड हवेचं माहेरघर’ लिहिलंय आणि तिच्याच खाली एसी घाम गाळतायत. पार्किंगसाठी अंगणातली जांभळं आडवी केलीस. आता गिऱ्हाइकाला सावली हवी असेल तर त्या पाटीखालीच उभं राहायचं. समोरचा डोंगर वणव्यानं काळाठिक्कर, आणि पुण्याची मंडळी त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. निसर्ग म्हणे!

अब्बा गेल्यापासून अम्मा माझ्याकडे आहे. थंडीत तिचा दमा उसळला, तेव्हा तुझा सीझन चालू होता. आता लॉज रिकामा पडला, तर लगेच आईचा पुळका. ती कुठेही येणार नाही.

तुझ्या बायकोला, अरफाला सलाम. तुझ्यावर माया आहे, ती तुझ्या गुणांमुळे नाही एवढं लक्षात ठेव.

तुझी,
जैतुनआपा

* * *

लोणावळा,
१३ एप्रिल

ती. आपास रज्जाकचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. अरफानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधे मधे हसली. तुमचं दोघींचं बरं जमतं.

लोणावळा तापलं, मान्य. पण कामशेत काय महाबळेश्वर झालं? दाजींच्या भाताच्या गिरणीवर पत्रा, गिरणीला लागून तुमचं घर, त्यावरही पत्रा. दिवसभर कोंडा उडतो आणि दम्याची म्हातारी तो श्वासात घेते. थंडीत मी आलो नाही, हे तू आता माझ्या कबरीवरही लिहिशील. पण म्हणून तिनं उन्हाळाही तिथंच काढायचा का?

आणि हवेचं तू मला सांगूच नकोस. गेल्या वर्षी मुंग्यांची रांग बघून पाऊस येत नाही म्हणालीस आणि अंगणात कुरडया घातल्यास. संध्याकाळी त्यांची पेज झाली होती. मी मोबाइलवर बघतो. पुढच्या आठवड्यात संध्याकाळचा वळीव आहे, सोबत वारा आणि गारा. तुमचा पत्रा उडायच्या आत शुक्रवारी नमाज झाली की गाडी घेऊन येतो. अम्माची पिशवी भरून ठेव.

राग धरलास तरी चालेल, जेवायला मात्र वाढ.

तुझा भाऊ,
रज्जाक

* * *

कामशेत,
१६ एप्रिल

चि. रज्जाक यास आशीर्वाद.

शुक्रवारी येऊ नकोस. अम्मा इथे नाही.

तुझ्या मोबाइलची गंमत म्हणून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग माझं पत्र कसं होतं ते विचारलं. तेही मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, मी काय भाताचं पोतं हाय, ह्या गोदामात ठिवू का त्या गोदामात? एवढं बोलून पिशवी घेतली आणि वडिवळ्याला तिच्या जुन्या मैत्रिणीकडे, सरुबाईमावशीकडे निघून गेली. मी जीपपर्यंत मागे धावले. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुझ्या लिहिण्यानंच ती बिथरली. आता तिथे फोन लागत नाही. मुंग्या शांत आहेत, पाऊस येत नाही, तेवढाच धीर. तुझा मोबाइल काय म्हणतो, ते कळव.

आपा

* * *

वडिवळे,
२४ एप्रिल

चि. जैतुन आन् चि. रज्जाक, दोगांस्नी अम्माचा आशीर्वाद. सांगनारी मी, लिवनारी सरूची सून माधवी. तिला बजावलंय, बोलीन तसंच लिव्ह, गोड करू नगं.

रज्जाकचा मोबाइल म्हनला वळीव सांजंला येनार. जैतुनच्या मुंग्या म्हनल्या येनारच न्हाई. त्यो आला भर दुपारी, आमी भाकर मोडत हुतो तवा. लिंबाएवढ्या गारा. सरूची कौलं फटाफट फुटली. पोरं मानसं रानात, घरात आमी दोगीच म्हाताऱ्या. कनगीच्या आडाला बसलो, डोक्यावर परात धरली. लय भ्याले. तोंडातनं नाव निगालं ते ना जैतुनचं, ना रज्जाकचं. मी माज्या आईला हाक मारली. तिला मातीआड हून किती वर्सं झाली! सरूबी तिच्या आईला वरडत हुती. मग एकमेकींकडं बगितलं आन् रडता रडता हसाय लागलो.

गारा थांबल्या, आन् सांजंला तुमी दोगं आला. झाडं पडून वाट बंद, म्हनून धरनापासनं चालत. जैतुनच्या हातात चपला, रज्जाकच्या कपाळाला टेंगूळ. मला वाटलं, लेकरं भेदरली. पर उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन तुमी काय भांडला, तर कुनाचा अंदाज चुकला! म्हातारी जिती हाय का, ते मागनं इचारलं. सरू हसली, मला लाज वाटली.

मग जैतुन गळ्यात पडून रडली. रज्जाक फुटकी कौलं गोळा करायच्या निमतानं मागल्या दारी गेला आन् लय येळ आलाच न्हाई. दोन्ही बगितलंय मी. जीव हाय तुमचा, मला ठावं हाय. पर त्यो दावाया कुनी मरायची वाट बगू नगा.

मी हितंच ऱ्हानार. हवा थंड म्हनून न्हाई, दुपारी हितंबी अंग भाजतं. हितं मी सरूशी भांडते आन् ती माज्याशी. तुमी मला औशद देता, दूध देता, भांडाया मातर एकमेकांशी जाता.

ऐतवारी दोगं एकाच गाडीत या. रज्जाक, कौलं आन. जैतुन, नवऱ्याला शिडी घिऊन आन. सरूचं छप्पर शाकारल्याबिगर कुनाला जेवान न्हाई. मटन मी रांधनार हाय.

लोभ दोगांवर सारकाच हाय, त्याचं माप काडू नगा.

तुमची,
अम्मा