पिवळ्या बादलीत गेलेली नाळ

ताई, आधी तुझ्या पाया पडते, मग लिहिते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. थॅलेसेमियासाठी दर महिन्याला रक्त चढवल्यावर तुझ्या दादूला ताप येत नाही ना? बाळी चालायला लागली का?

इथल्या प्रसूती वॉर्डात मी गरोदर बायकांना सांगते, नाळेतलं रक्त दान करा, दुखत नाही, कुणाचा तरी जीव वाचेल. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आज एकीनं विचारलं, "सिस्टर, तुमच्या घरात कुणी असं रक्त काढून ठेवलं?" मी पुढच्या खाटेकडे वळले.

ताई, बाळीच्या नाळेतलं रक्त तिच्या भावाच्या, दादूच्या उपचारासाठी ठेवायचं होतं. कमी निघालं म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. रक्त भरायची पिशवी तयार होती, पण तुझ्या बाळंतपणातही रोजच्या सवयीनं मी नाळ कापली आणि रक्त न काढताच वारेसकट कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकली.

शिव्या दे, पण दादूचं कळवत जा.

तुझीच,
छोटी