कोसबाडचा चढ

पतियाळा, ६ जानेवारी २०२४

ती. सुरजदादास,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

कॅम्पात फोन जमा करून घेतात, म्हणून पत्र. आयला सावकाश वाचून दाखव.

या महिन्याच्या शेवटी आमची चार दिवसांची सायकल रेस आहे. पहिल्या दिवशी नरपडहून निघून कोसबाडचा चढ चढून तलासरीला जायचंय, म्हणजे आपल्या पाड्यासमोरून. टीममध्ये घेतल्यापासून घरी आले नाही, आणि आता दारावरून जाईन तर थांबता येणार नाही. जिंकायचं आमच्या सुषमादीदीनं. मी तिच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, तिचं चाक गेलं तर माझं द्यायचं. आयला चढावर उभी कर. तिथे आम्ही जरा हळू असतो.

मला विसरू नका.
तुझी हर्षदा

कोसबाड, ३० जानेवारी

चि. हर्षदास,
अनेक आशीर्वाद.

आय सकाळीच नवं लुगडं नेसून चढावर जाऊन बसली. घोळका आला तेव्हा हेल्मेटखालचं एकेक तोंड बघत होती. तू नव्हतीस. मागच्या गाड्या गेल्या, लोक पांगले. मी म्हटलं, पडली असेल, चल घरी. ती उठेना. म्हणाली, पोर निघालीय ना, मग येईल.

मग तू आलीस, एकटी. ब्रेक दाबून पाय टेकलास, आणि आयनं तुझ्या पाठीला हात लावून तुला पुढे ढकललं. मला तिचा राग आला. इतके दिवस झुरली आणि हाताशी आलेली पोर लोटून दिली. घरी बोललो तसं. ती म्हणाली, थांबली असती तर मी तिला परत जाऊ दिलंच नसतं. रात्री जेवली नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ आहेच, वाढवत राहा.
तुझा दादा

पतियाळा, ९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

नरपड सोडल्यावर लगेच दीदीचं चाक पंक्चर झालं. माझं काढून दिलं आणि नवं चाक येईपर्यंत रस्त्यात उभी राहिले. दीदी रेस जिंकली. तलासरीला मी सगळ्यात शेवटी पोचले, पण ठरवून दिलेल्या वेळेच्या आत, म्हणून दुसऱ्या दिवशी रेसमध्ये उतरू दिलं. चढावर थोडी जरी रेंगाळले असते तरी बाद झाले असते, टीममधूनही गेले असते.

होळीला सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. आयच्या हाताचा दाब अजून पाठीवर आहे असं वाटतं. तिला म्हणावं, मी रागावले नाही. वेळेचं तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, दादा, आणि तरी मी पाय टेकला होता.

माया असू दे.
हर्षदा