काचेवरचा गोल

१२ फेब्रु., गुरु.
...आजच्यासारखं त्या सकाळीही नळाला पाणी आलं होतं, चार दिवसांनी. मी पिंप भरलं, घागरी घासल्या, भाकरीचं पीठ मळायला घेतलं. हे माशांच्या पेटीपुढे उकिडवे बसून काचेवर काळ्या मार्करने गोल काढत होते, अगदी खालच्या काठाला लागून. म्हणाले, "रविवारी इथं भोक पाडतो. पाइप लावला की घाण पाणी सरळ मोरीत. तुझ्या कमरेला बादल्या नकोत." मी म्हटलं, आधी चहा घ्या, निवतोय. रविवार यायच्या आत हे गेले. साडेचार महिने झाले.
आज पेटीचं पाणी बदलताना कंबर धरली. तिसरी बादली तिथंच ठेवून खाली बसले. भोक आता मीच पाडणार. ड्रिल मशीन आहे, काच कापायचा गोल बिटही ह्यांनी आणून ठेवलेला. दोन्ही मासे टबात काढले. पेटी रिकामी.

१३, शुक्र.
बिटाच्या डबीतला कागद इंग्रजी. मराठी वाचायला लग्नानंतर एकटीनेच शिकले, इंग्रजी अक्षरं त्याच्याही नंतर. 'स्लो' आणि 'वॉटर' एवढं लागलं. बाकीसाठी यासीनभाईंना बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं काचेचं दुकान, ह्यांचे जुने दोस्त.
"काच सादी है, पडतंय भोक." मग गोल पाहिला. "ये भाईने निकाला? काठाला इतकं खेटून मारलं तर तडा जाणार, भाभी. भाईकू पावरलूम का काम आता था, काच का नै. चार बोटं वर घ्या."
स्वतः पाडून देतो म्हणाले. नको म्हटलं.
"मग हे पुसा पहिलं. बिटावर जोर नक्को. आन् पाणी थांबायला भवती पिठाचं आळं करा."
हो म्हटलं. पुसते म्हटलं.

१४, शनि.
ह्यांच्या इंजेक्शनचं स्पिरिट उरलंय. कापूस भिजवला, काचेजवळ नेला, ठेवून दिला. गोल नीट गोलही नाही, रेघ सुरुवात ओलांडून थोडी पुढे गेलीय. ह्यांनी कधी चिठ्ठी लिहिली नाही. बँकेतल्या सह्या सोडल्या तर ह्यांच्या हातचं घरात हेच.
संध्याकाळी महेशचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक ना ती पेटी. मासे दे कुणाला तरी."
"आणि मी दिवसभर काय बघू रे?"
गोलाचं सांगितलं. मग म्हणाला, "फोटो काढून ठेव आणि पूस." पोरगा माझा व्यवहारी. काढला फोटो. त्यात ट्यूबलाइटच दिसते आणि मी.

१६, सोम.
लहान मासा मेला. टब उथळ, पाणी गढूळ, पंपाची नळी तिथवर नीट पोचत नाही. कारणं शोधली की सापडतात. खरं ते असं की शनिवारी पुसलं असतं तर रविवारी दोघं पेटीत असते. मोठा सारखा वर येऊन तोंड उघडतोय. त्याच्याकडे बघवत नाही. लहानाला कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं. ह्यांना कळलं असतं तर
जेवले नाही.

१७, मंगळ.
पुसलं. एका फेऱ्यात गेलं. इतकं सहज जाईल असं वाटलं नव्हतं. जरा तरी राहील वाटलं होतं.
पेटी टॉवेलांवर आडवी केली. हात सवयीने ज्वारीच्या पिठाकडे गेला. आळं केलं, पाणी ओतलं, आळ्याला भेगा पडल्या आणि सगळं पाणी फरशीवर. यासीनभाई दारातून म्हणाले, "भाकरी थापताव क्या भाभी काचेवर? गव्हाचं घ्या की, ते चिकटतंय." मी हसले. मग लगेच लाज वाटली.
कणीक मळून पुन्हा आळं. मशीन हळू. पाणी दुधासारखं पांढरं झालं. दाबावंसं वाटे, की यासीनभाईंचं "नक्को, नक्को." दहाच मिनिटं लागली असतील, पण खांदे भरून आले. टक् झालं आणि काचेची चकती आत पडली. तडा नाही. आतून मात्र भोकाच्या कडेचा टवका उडालाय, तांदळाच्या दाण्याएवढा.
"रबरी वायसर झाकेल का?"
यासीनभाईंनी बोट फिरवून पाहिलं. "झाकेलबी. भरल्याबिगर काय सांगता येत नै."

१८, बुध.
सकाळी भोकात तोटीवाली नळी बसवली, दोन्हीकडून वायसर, हातानेच आवळली. तोटी बंद केली, कालपासून पिंपात ठेवलेलं पाणी घातलं, पेटी अर्धीच भरली. टवक्याच्या बाजूला एक थेंब आला. बोटाने टिपला. माशाला पातेल्यातून आत सोडलं. तो तळाशी जाऊन थांबला. ओल दिसावी म्हणून भोकाखाली कालचा पेपर पसरला, दार ओढून घेतलं आणि दळण आणायला गेले.