नमुन्याबरहुकूम

३ एप्रिल, सोमवार

यादी परत आली! तिसऱ्यांदा. हॉलोवेंनी लाल शाईने लिहिलंय — शौचालय आणि शौचालयाचा आडोसा ही दोन वेगळी कामं आहेत.

सरकारी इमारत बांधायची तर आधी ती कागदावर फोडावी लागते. एकेका कामाचा एकेक तुकडा. प्रत्येक तुकडा सुरू होण्याआधी बैठक, पहिला हात फिरला की तपासणी, मग संपेपर्यंत नजर. बैठकीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. हे फोडणं माझ्याकडे. मी कंत्राटदाराची गुणवत्तेची बाई, हॉलोवे सरकारचे. मी तुकडे करते, ते तुकड्यांचे तुकडे करतात. झेंड्याचा खांब वेगळा, खांबाचा पाया वेगळा.

"आणि दोरी?" मी विचारलं. गंमत म्हणून.

त्यांनी लिहून घेतलं.

नवऱ्याला, लॅम्बर्टला सांगायला हवं होतं हे. त्याने गावभर केलं असतं. फेब्रुवारीत तो गेला, तेव्हापासून घरात फक्त फ्रीज बोलतो.

४ एप्रिल

लॅम्बर्टची बहीण आली, रिटा. पुन्हा बीरॉक घेऊन — कोबी-खिम्याचे पाव. दफनाच्या वेळचेच फ्रीझरमध्ये कोंबलेले आहेत, दार लागत नाही. लॅम्बर्टचं कपाट आवरायचं म्हणत होती. "सगळं एकदम नको गं. आज फक्त मोजे."

हिलासुद्धा हॉलोवेंची बाधा!

एक जोडी जुळेल तर शपथ. दोघी मोज्यांच्या ढिगाऱ्यात बसून राहिलो. रिटा म्हणाली, "असा कसा गं हा माणूस?" मोजे परत कपाटात.

११ एप्रिल, मंगळवार

आज बैठकीत मी बोलले.

नीट लिहिते. बाहेरच्या विटकामाचा मुकादम लॅम्बर्ट होता. नोव्हेंबरात फाटकापाशी नमुन्याची भिंत उभी राहिली, चार फूट उंच, चार फूट रुंद. मी तेव्हा ओमाहाला होते, सरकारी वर्गात गुणवत्ता शिकायला. परत येऊन बघते तर उभे सांधे सगळे डावीकडे किंचित कललेले.

"लॅम्बर्ट, हे कललंय."

"कॅन्ससचा वारा आहे, वर्ना. भिंतीने तरी किती सोसायचं?"

हॉलोवेंनी मोजलं. कल मुभेत बसत होता. सही केली. सरकारने सही केली की तोच कायदा — सगळी इमारत नमुन्याबरहुकूम. काम संपेपर्यंत नमुन्याला हात लावायचा नाही, संपलं की पाडायचा.

मग लॅम्बर्ट गेला. खरं विटकाम सुरूही झालं नव्हतं.

आता गार्डन सिटीहून नवी टोळी येतेय. हॉलोवे म्हणाले, "माणसं बदलली. म्हणजे विटकामाची दोन कामं झाली. नव्या कामाला नवा नमुना. जुना पाडून टाका."

"नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉफीचं मशीन बोललं असतं तरी एवढे दचकले नसते.

"टोळी बदलली तर बैठक नवी. काम तेच. वीट तीच, माल तोच, तपासणी तीच. मग नमुनाही तोच."

हॉलोवेंनी पुस्तक काढलं. पानं उलटली. पुन्हा उलटली. "बरोबर आहे तुमचं, मिसेस ड्राइलिंग."

त्या माणसाने काही न तोडल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. गाडीत जाऊन बसले. बैठकीत वाटायला आणलेला ॲपल पाय खाल्ला — अख्खा.

१७ एप्रिल, सोमवार

नवा मुकादम चुय मादेरा. शांत, नेटका. त्याचे गवंडी कानात गाणी घालून काम करतात, एकमेकांशी बोलत नाहीत. आणि भिंत! ओळंबा लाजेल अशी सरळ.

हॉलोवे तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "सुंदर आहे," म्हणाले. "नमुन्यासारखी नाही. काढा."

चुय माझ्याकडे आला. टोपी हातात. "बाई, पोरपणी मी वाकडी वीट लावली तर बाप बोटांवर थापी हाणायचा. आता सरकार वाकडी लावायचे पैसे देतंय. बापाला फोनवर काय सांगू?"

"सांगू नका," मी म्हटलं.

१८ एप्रिल

आज मुद्दाम वाकडी लावली. फार वाकडी झाली. चुयचा मेहुणा टोन्यो लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, "ही भिंत घरी सोडायला कोणीतरी जायला हवं." हॉलोवे म्हणाले, "मुभेबाहेर. काढा."

मग मला बाजूला घेतलं. गुरुवारपर्यंत जुळलं नाही तर नवा नमुना. जुना त्याच दिवशी पाडायचा. "मला आवडत नाही सांगायला," असंही म्हणाले.

मीच भांडून काम एक ठेवलं. आता लॅम्बर्टची भिंत जाते ती माझ्यामुळेच की काय!

१९ एप्रिल

चुयने विचारलं, "त्यांचा जोडीदार कोण होता? त्याला विचारू."

ऑझी. तीस वर्षं बरोबर होते दोघं. दफन झालं, त्याने थापी खुंटीला टांगली आणि विचिटाला लेकीकडे गेला. फोन उचलत नाही.

"मग तुम्ही सांगा. ते उभे कसे राहायचे?"

माझ्या हातात थापी दिली चुयने. परांचीवर चढले. या वयात! वीट ठेवली. आणि मान आपोआप डावीकडे वळली.

"वीट ठेवायचा," मी म्हटलं, "मग डावीकडे वळून कोणालातरी काहीतरी सांगायचा. सांगता सांगता ठोकायचा. बघायचाच नाही."

"काय सांगायचे?"

"काहीही. सगळं."

चुयने सगळ्यांच्या कानातली गाणी काढायला लावली. टोन्यो म्हणाला, "माझ्या डावीकडे मेहुणा आहे. मी त्याच्याशी घरीसुद्धा बोलत नाही."

"बाई, तुम्ही उभ्या राहा," चुय म्हणाला.

म्हणून दुपारभर टोन्योच्या डावीकडे मी. तो सासूबद्दल सांगत होता. मी "हो का" म्हणत होते. जरा वेळाने थांबला. "बाई, तुम्ही पुढचं विचारत नाही. माझी मान सरळ होते."

मग विचारलं. सासूचा गुडघा, सासूचा डॉक्टर, सासूने डॉक्टरला विकलेली कोंबडी. "मग? मग पुढे?" — माझाच आवाज, मलाच ओळखू येईना. लॅम्बर्टला मी कधी 'मग?' विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, तो थांबेल तेव्हा ना!

खाली उतरून बघितलं. सांधे कलले होते. किंचित. डावीकडे.

२० एप्रिल, गुरुवार

हॉलोवे टेप घेऊन आले. नमुन्यापाशी गेले, भिंतीपाशी आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"जुळतंय. कशामुळे?"

"बोलण्यामुळे," चुय म्हणाला.

हॉलोवेंनी बैठकीच्या टिपणात लिहिलं: गवंड्याच्या डाव्या बाजूस, बोलण्यासाठी, एक व्यक्ती.

आता रोज सकाळी तेही तपासणार आहेत. हेल्मेट आहे? आहे. दोरी आहे? आहे. व्यक्ती आहे?

भिंत राहिली!

६ जून

ताप होता, काल गेले नाही. डावीकडे दुसरं कोणी नव्हतं म्हणून हॉलोवे स्वतः उभे राहिले. आज भेटल्या भेटल्या म्हणाले, "मिसेस ड्राइलिंग, त्या बाईंनी डॉक्टर बदलायला हवा."

२ जुलै

रिटा येऊन गेली. म्हणते, मी हल्ली फार बोलते.

११ सप्टेंबर, सोमवार

इमारत झाली. यादीतलं शेवटचं काम उरलं — नमुना पाडणे. त्याचीसुद्धा बैठक! मीच बोलवायची, मीच सही करायची.

रिटाला भिंत उचलून कबरस्तानात न्यायचीय, लॅम्बर्टच्या डोक्याशी. फादर म्हणाले, "रिटा, तिथे झोपलेल्या बाकीच्यांचाही विचार कर." हॉलोवेंना मी भीत भीत विचारलं, ठेवता येईल का. ते दोन दिवस पुस्तक घेऊन बसले. "नाही येत. मी शोधलं. खरंच शोधलं."

सही केली नाही. उद्या सकाळी म्हटलं. त्याच्या हातचं आता दुसरं काय आहे माझ्याकडे? मोजे.

१२ सप्टेंबर

हातोडे घेऊन सगळे उभे होते. मी पेन घेऊन. एवढ्यात लेकीच्या गाडीतून ऑझी उतरला. रिटाने कळवलं होतं.

भिंतीकडे बघून म्हणाला, "पाडताय? बरं झालं. एवढं वाईट काम मी जन्मात केलं नाही."

"तू?"

"मग कोण! लॅम्बर्टचा खांदा आखडला होता त्या दिवशी. इथे डावीकडे बादली पालथी घालून बसला आणि सुरू झाला — चर्चमध्ये शिरलेल्या डुकराची गोष्ट. मी विटा लावू की त्याच्याकडे बघू? विटांचा शेवटचा थर बसला तरी डुक्कर आपलं चर्चमध्येच. म्हणाला, बाकीचं उद्या. मग राहूनच गेलं. वर्ना, काय झालं गं त्या डुकराचं?"

मला ती गोष्ट पाठ आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकलीय, मान खाली घालून.

बादली मागवली. पालथी घातली, भिंतीच्या डावीकडे बसले आणि पहिल्यापासून सांगितली. बिशपच्या आवाजासकट. डुकराच्यासुद्धा.

ऑझी डोळे पुसत हसत होता. हॉलोवे म्हणाले, "मग?"

संपली तेव्हा सही केली. चुयला म्हटलं, पाड.