चित्राची कापलेली कड

अल सद्द, दोहा
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ति. अब्बांना सलमाचा सलाम. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. शफा नऊची झाली. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उलट उत्तर देते, भांडण मात्र दोघींना नीट कळतं. अम्मीच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मासेमारी लाँचच्या इंजिनाजवळ चाळीस वर्षं काढून तुमचे कान गेले, आता फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून हे पत्र आपल्या मोहल्ल्यातल्या शहजादबरोबर देते. इथल्या सूक वाकिफ बाजारातल्या दुकानातून सुट्टी काढून तो गावी येतोय.

अब्बा, एक विचारायचंय, आणि एवढा भाग अम्मीला वाचून दाखवू नका. चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला आमच्या कंपनीच्या तळ-तपासणीतली एक प्रिंट पाठवली होती, समुद्राच्या तळापासून वर चढणाऱ्या ठिपक्यांची. फिश फाइंडरवर मासे शोधत लाँच चालवण्यात जन्म घालवलेला तांडेल घरात असताना मी कशाला डोकं खाजवू, असं म्हणून. तुम्ही लिहिलंत, मासे आहेत, थवा आहे. मी रिपोर्टात मासे लिहिले, ते ठिपके पुसले आणि खाली सही केली की तळ स्वच्छ, गॅस कुठेही झिरपत नाही.

कंपनीची माहिती बाहेर द्यायला बंदी आहे. त्या भीतीने मी चित्राची खोली दाखवणारी कड कात्रीने कापून पाठवली होती. ती जागा आखाताबाहेरच्या खोल समुद्रातली, खोली अकराशे मीटर होती, अब्बा. परवा जुनी फाइल उघडली तेव्हा लक्षात आलं, खोली कळल्याशिवाय तुम्ही ते ओळखणार कसं?

तिथे तळाखाली मिथेन हायड्रेट आहे, म्हणजे बर्फात कोंडलेला गॅस. दाब कमी केला की बर्फ सुटतो, आणि मूठभर तुकड्यातून पिंपभर गॅस निघतो. जिथे आधीच झिरपतंय तिथे भोक पाडायचं नाही, असा नियम आहे. माझ्या सहीवर जागा पास झाली. पुढच्या महिन्यात तिथे गॅस काढून बघणार, आणि आपला धाकटा इम्रान त्याच जहाजावर वेल्डर आहे. मीच चिकटवला त्याला. पूर्ण चित्र सोबत आहे. नीट बघा आणि खरं ते कळवा.

अम्मीला सलाम. लोभ आहेच, ओरडा खायचीही तयारी आहे.

आपली सलमा

मिरकरवाडा, रत्नागिरी
२२ जानेवारी २०२५

चि. सलमा हिला अनेक दुआ.

काय गो, अक्कल कुठे गहाण टाकलीस? कड कापून चित्र पाठवायचं आणि वर अब्बाला विचारायचं! मी समजलो आपलं नेहमीचं वीस वाव, पस्तीस-चाळीस मीटर पाणी. आणि मीही मोठा शहाणा, खोली विचारली नाही. पोरगी दोह्याला कंपनीत, आणि अजून अब्बाला विचारते, या फुशारकीत मासे म्हणून टाकलं. चार जणांना दाखवलंसुद्धा.

हे मासे नाहीत, अकराशे मीटरवर तळाला असा थवा नसतो. मासे सरकतात, पसरतात, वरून लाँच गेली की फुटतात. हे एका जागी तळाला धरून दोरखंडासारखं उभं आहे. तो गॅस सुटतोय. बाकी तुझ्या शास्त्रातलं मला एवढंच कळलं की तिथला चिखल त्या बर्फानेच धरून ठेवलाय. तो बर्फ तुम्ही वितळवणार, मग चिखल कोण धरणार? आणि त्या पाण्यात जे जगतं त्याचं काय होणार, ते तुमच्या कागदात कुणी लिहिलंय का?

शेजाऱ्याच्या मोबाइलवरून तुला सांगणार होतो. पण तुझं बोलणं मला ऐकू येणार नाही आणि त्याला सगळं ऐकू जाईल. शहजाद तीस तारखेला पोचतोय. पत्र वाचलंस की लगेच साहेबासमोर जाऊन उभी राहा. आधी इम्रानला उतरव. नोकरी गेली तर गेली, मिरकरवाड्यात अजून मासळी येते.

घरातून सगळ्यांचा लोभ. पण सांगितलेलं आधी कर.

तुझे अब्बा
नसरुद्दीन

अल सद्द, दोहा
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

ति. अब्बांना सा. न. वि. वि.

पत्र काल शहजादने हातात दिलं. दुरुस्तीचा ईमेल रात्रीच लिहून ठेवलाय, पाठवायचा तेवढा बाकी आहे. आज सुट्टी, मॅनेजर रविवारी भेटेल. तो पहिलं विचारणार, मासे कोण म्हणालं, आणि चित्र बाहेर गेलं कसं? तुमच्या जावयाची, रेहानची, नोकरी सुटल्यापासून आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. शफाची शाळा अर्ध्यावर आहे. हे सगळं तुम्हाला सांगतेय म्हणजे मी कच खातेय असं समजू नका.

इम्रानला खरं सांगितलं नाही, तो जहाजभर बोलेल. फोनवर नुसतं म्हटलं, लवकर घरी ये. तर हसायला लागला. म्हणाला, ईदनंतर नबीलाशी निकाह आहे, आता सुट्टी घेतली तर तेव्हा मिळणार नाही, आपा, ही एक फेरी पुरी करू दे.

हे पत्र टपालाने पाठवते. रविवारी नक्की बोलते. इन्शाल्ला. रागावू नका, लोभ कमी करू नका.

सलमा

अल सद्द, दोहा
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

ति. अब्बांना,

इम्रानला जाऊन आज आठ दिवस झाले. फोनवर अम्मी नुसती रडत होती, तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून लिहितेय.

त्या रविवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले होते. त्याने शफाची चौकशी केली. मी तिच्या शाळेचं काहीतरी बोलले आणि बाहेर आले. नंतर आणखी दोनदा गेले. तो ईमेल अजून तसाच पडून आहे. मी पाठवला नाही, अब्बा. मी घाबरले.

तेरा तारखेला तळ घसरला. पाइप वाकला आणि गॅस पाइपातून थेट डेकवर आला, मग आग. इम्रान आणि आणखी दोघे तिथेच काम करत होते. एकाचं प्रेत मिळालं. ते आपल्या पोराचं नाही.

आता तिथे एका दोरखंडाच्या जागी पाच उभे आहेत. ते बुजवायचे कसे, कुणाला माहीत नाही. पाण्यात किती विरघळेल, तिथले जीव किती मरतील, वर हवेत किती जाऊन उष्णता वाढवेल, ऑफिसात रोज नवा आकडा सांगतात. चौकशी बसलीय. मॅनेजर म्हणतो, तळ आधी स्वच्छ होता एवढंच लिही, हा निसर्गाचा अपघात आहे.

मी काय लिहू? अम्मीला तुम्ही काय सांगितलंत? शहजाद रमजानसाठी पुन्हा गावी येतोय, त्याच्याबरोबर हे देते. लोभ मागायचं तोंड नाही मला.

सलमा

मिरकरवाडा, रत्नागिरी
५ मार्च २०२५

चि. सलमा हिला दुआ.

पत्र तीनदा वाचलं. तारखा जुळवल्या. माझं पत्र तुला तीस तारखेला मिळालं, तळ तेराला घसरला. चौदा दिवस, सलमा. दोन दिवस मनातल्या मनात तुला वाटेल ते बोलत बसलो होतो. मग म्हटलं, मासे म्हणणारा कोण होता?

चौकशीत सगळं लिही. कड कुणी कापली ते लिही. नसरुद्दीन तांडेल खोली न विचारता मासे म्हणाला, तेही लिही, नाव पुरं घाल. चौदा दिवसही लिही. ते लोक उद्या दुसरं जहाज नेतील, त्यावरही कुणाची तरी पोरं असतील.

आता घरचं. तुला आधीच लिहून सावध केलं होतं, हे रडताना माझ्या तोंडून निघून गेलं. तुझी अम्मी म्हणाली, मग सलमाने काही केलं कसं नाही? तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. एक पोर गेला, दुसरीला तिच्या मनातून कशी काढू? मी म्हटलं, शहजादने पत्र द्यायला उशीर केला.

पत्र देऊन गेलेला शहजाद काल सूर्य बुडताना, मगरिबच्या अजानला, पुन्हा दारात आला, इम्रानसाठी दुआ करायला. दिवसभराचा रोजा होता त्याला. तुझ्या अम्मीने खजूर पुढे केला नाही, पाणीही दिलं नाही. वर त्याला म्हणाली, माझा पोर तू खाल्लास. त्याने माझ्याकडे बघितलं. पत्र त्यानेच तुझ्या हातात दिलं होतं, तारीख त्याला ठाऊक आहे. मी मान खाली घातली. तो वळला. पायऱ्या उतरून समोरच्या नळावर गेला आणि तिथे ओंजळीने पाणी पिऊन रोजा सोडला.

तुझ्यावरचा लोभ तुटलेला नाही, पण सध्या हाताला लागत नाही. तू ये आणि तुझ्या अम्मीला खरं सांग. माझ्याने होत नाही.

तुझे अब्बा
नसरुद्दीन