उजव्या दंडाची हकिगत

तीर्थरूप आत्या,

एका हाताने साष्टांग नमस्कार. दुसरा झोळीत आहे. तुझा खोकला आता कमी असेल. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

दंड दुखतो हे मागेच कळवलं होतं. तू पाठवलेलं तेल इमानेइतबारे चोळलं (दुखणं तसंच राहिलं, उशांचे अभ्रे मात्र कामातून गेले). केस कापण्याच्या धंद्यात गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असतं आणि त्याला बोलायला विषय लागतो; तो विषय म्हणजे माझा दंड. ड्रायव्हर म्हणाला नस दबलीय. निवृत्त मास्तर म्हणाले वाताचं आहे. विमा एजंटाने नुसतं माझ्याकडे फार मायेने पाहिलं. मी सगळ्यांना हो म्हणत गेलो, कारण दुखणं इतकं हळूहळू वाढत होतं की ते घरातल्याच माणसासारखं झालं. कंगवा कधी डाव्या हातात गेला मला कळलंच नाही. हिला कळलं होतं. ती माझ्या शर्टाची बटणं लावून द्यायची, आणि मला वाटायचं, या वयात प्रेम वाढलंय.

मग दंडावर फोड आला, फुटला, आणि वाहायचा थांबेना. तेव्हा कुठे हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एक्स-रे बघून त्यांनी विचारलं, "इथे पूर्वी हाड मोडलं होतं का?"

"तरुणपणी सायकलवरून पडलो होतो. हाड बाहेर आलं होतं. पण ते केव्हाच बरं झालं."

"वरून बरं झालं," त्या म्हणाल्या. "जंतू आत राहिले."

इतकी वर्षं, आत्या, आणि पठ्ठ्यांनी एका शब्दाने कळवलं नाही. हाडाचा एक तुकडा मेलाय म्हणे. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. तो खरवडून काढायचा, जंतू कुठला ते तपासायचं, आणि मग काही आठवडे शिरेतून औषध. मी विचारलं, पुन्हा कात्री धरता येईल का? "त्यासाठीच तर करतोय," त्या म्हणाल्या. नक्की येईल असं मात्र म्हणाल्या नाहीत. ते मला पटलं, आणि घरी आल्यावर डाव्या हातात कात्री धरून पाहिली.

काल समोरच्या सलूनवाल्याकडून दाढी करून घ्यावी लागली. बसल्या बसल्या बघतो तर मी त्याला त्याच्या कंबरदुखीवर सल्ला देतोय.

बाकी सर्व क्षेम. मी अजिबात घाबरलेलो नाही.

तुझा भाचा

ता. क. ऑपरेशन सोमवारी आहे. घाबरलोय. तू येशील का? मी बोलावलं हे हिला सांगू नकोस, सहज आले म्हण.

आणखी एक ता. क. आत्या, यांचं डावं अक्षर पोस्टमनला लागणार नाही म्हणून पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडे आलं. उघडंच होतं. रविवारी जेवायला वाट बघते. तुम्ही सहज आलात असंच मी धरून चालेन. यांना धीर देताना मलाही कुणीतरी जवळ हवं आहे. – सूनबाई