उपाशी ठेवायचे दोन वाफे

प्रिय ठकूआत्या,

तुला वाचता येत नव्हतं. तरीही लिहिते आहे, कारण काल आमच्या विभागप्रमुखांनी माझ्याच टेबलावर हात टेकून मला सांगितलं, "मॅडम, म्हातारी तर गेली. आता वेल्ह्याच्या डोंगरात जाऊन कोण विचारणार आहे?"

म्हातारी म्हणजे तू. आणि विचारायचं काय, तर न भाजलेल्या दोन वाफ्यांत भाताचं रोप एवढं जोमदार आलं कसं!

सोमवारी समिती बसते आहे. विद्यापीठात लागून मला दोन वर्षं होत आली. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या दिवशी ठरेल. त्यांना माझ्या नावावर छापलेला शोधनिबंध हवा आहे. माझ्याकडे लिहून तयार असलेला एकच आहे आणि तो खोटा आहे. कशामुळे खोटा झाला, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुझ्यामुळे, आत्या!

रागावू नकोस. आधी ऐक.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी तुझ्या बांधावर उकिडवी बसून पिशवीत माती भरत होते. शेळ्या पुढे घालून तू आलीस आणि माझ्या डोक्यावर उभी राहिलीस. "काय गं, सोनं गावलं का?"

"माती तपासायला नेतेय, विद्यापीठात," मी म्हटलं.

"एवढ्या लांबनं मातीसाठी आलीस? तुमच्याकडं माती न्हाई व्हय?"

मी शिवऱ्याची आहे म्हटल्यावर तू पदर तोंडाला लावून हसलीस. "मंग बरोबर! हायवेची पोर. तुमच्याकडं निस्ता धुराळा."

मी तुला अहो-जाहो करत होते, तर त्याचाही तुला राग. "आत्या म्हनतीस आन् तुमी म्हनतीस? परकी हाय का मी?" त्या दिवसापासून तू.

आता विद्यापीठाने मला काय दिलं ते सांगते. तू कधी विचारलं नाहीस, पण आज सांगायचंच आहे. रुजू झाले त्या दिवशी एक कपाट दिलं. किल्ली नंतर मिळेल म्हणाले. जुन्यांना नको असलेले सगळे तास दिले. प्रवेशाचं काम दिलं, परीक्षेचं दिलं, मूल्यांकनाच्या फायली दिल्या. माझा आवाज मोठा, म्हणून प्रत्येक सत्काराचं सूत्रसंचालनही मलाच दिलं. आणि हे सगळं देऊन झाल्यावर विचारलं, "तुमचं संशोधन कुठवर आलं?"

नव्या माणसाकडून पहिल्या दिवसापासून फळ मागायचं आणि त्याला उभं राहायला वीतभर जागाही द्यायची नाही, याला कोणती विद्या म्हणायचं? हे मी सभेत बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या. विभागाच्या बैठकीत बोलले तेव्हा सगळे चहाच्या कपात बघत बसले.

जागा तू दिलीस. तुझ्या पडवीत. दर शनिवारी मी नसरापूरहून वेल्ह्याची एसटी धरायची, पुढे वाडीपर्यंत चढायचं, आणि तू तांब्याभर पाणी घेऊन उभी. मातीचे नमुने सावलीत वाळवावे लागतात. विभागात त्यासाठी एक टेबल मागितलं, तर "बघू" म्हणाले. तू पडवी सारवून दिलीस, वर्तमानपत्रं अंथरलीस आणि हातात काठी घेऊन राखणीला बसलीस. एक तांबडी कोंबडी सारखी चोच घालायला यायची. "युनिवर्सिटीची माती खातीस व्हय गं भवाने! हुशार व्हशील आन् अंडी द्यायची सोडशील!"

मी हसून हसून खाली बसले होते, आठवतं?

मग आपण चार वाफे आखले. ज्या कामात तुझा जन्म गेला, ते मी वहीत दोन ओळींत लिहून ठेवलं होतं: पाला, गवत, शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात भाजायचं, म्हणजे राब. मग त्याच जागी भाताचं रोप टाकायचं. बाहेरचे लोक म्हणतात, राबापायी झाडं तुटतात, धूर होतो, हे बंद करा. तुम्ही म्हणता, राबाशिवाय रोप येत नाही. खरं कुणाचं, हे मला मोजायचं होतं. दोन वाफे भाजायचे आणि दोन तसेच ठेवायचे. त्या दोघांना काहीही घालायचं नाही.

तू विचारलं होतंस, "या दोघास्नी उपाशी ठेवायचं? कशापायी?"

आणि मी काय उत्तर दिलं? भर सभेत तासभर बोलणारी, पुस्तकांनी घर भरलेली मी! म्हणाले, "नियम आहे, आत्या."

एवढंच. दोन शब्द. तुझ्यासारखी शहाणी बाई समोर उभी असताना मी एक कारण समजावून सांगितलं नाही. का नाही सांगितलं? परतीची एसटी गाठायची होती. सोमवारी तीन तास शिकवायचे होते, उत्तरपत्रिका पडल्या होत्या. खरंच तेवढंच होतं का? की मनात कुठंतरी असंही होतं, की हिला सांगून काय कळणार? हा प्रश्न मला झोंबतो.

आषाढात चारही वाफे हिरवेगार! न भाजलेले भाजलेल्यांच्या तोडीस तोड. मी मोजलं, पुन्हा मोजलं. विभागात माझं पहिल्यांदा कौतुक झालं. राबाची गरजच नाही, असं प्रत्यक्ष शेतात दिसलं होतं. प्रमुख म्हणाले, "हे चांगल्या ठिकाणी छापून येईल. लिहा पटकन." मी लिहिलं. एक पावसाळा बघून एवढं मोठं विधान करू नये, हे मी मुलांना वर्गात शिकवते. तरी लिहिलं, कारण दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत थांबायला मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळीला फराळाचा डबा घेऊन तुझ्याकडे आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "आत्या, न भाजताही रोप आलं! आता राबाचे कष्ट संपले तुमचे!"

तू करंजी मोडता मोडता म्हणालीस, "येणारच की! म्या लेंडीखत घातलंय न्हवं. चुलीतली राख बी घातली. आन् दर चार रोजाला तण उपटत हुते. कंबार गेली माझी."

"काय?"

"मंग काय करनार? तुझं दोन वाफं पिवळं पडाय लागलं हुतं. म्हनलं, साहेब बगाया आलं तर पोरीला नापास करतील. आमच्या बांधावर आलेल्या मानसाची फजिती हू द्यायची व्हय आमी?"

शेवंता, तुझी सून, दारात उभी होती. तिच्यासमोर मी तुला काय काय बोलले! "तू माझं वर्ष मातीत घातलंस" असं बोलले. तू पहिल्यांदा घाबरलेली दिसलीस. "आगं, चांगलं व्हावं म्हनून..." म्हणालीस. डबा तिथेच टाकून मी उतरले.

पण आत्या, माझंही एक गाऱ्हाणं आहे. आषाढात मी पट्टी घेऊन रोपं मोजत होते तेव्हा तू शेजारीच बसली होतीस की! मी आनंदाने नाचत होते, तेव्हा एक शब्द का बोलली नाहीस? तुला वाटलं असेल, देणाऱ्याने सांगत फिरू नये. तुमच्या वाडीची ही रीत थोर आहे, आणि त्या रीतीने माझा प्रयोग बुडाला!

कार्तिकात एसटीच्या कंडक्टरबरोबर तू एक गाठोडं पाठवलंस. आमच्या शिपायाने ते टेबलावर आणून ठेवलं. आत पाच-सहा किलो माती होती आणि शेवंताच्या अक्षरातली चिठ्ठी: "आत्याबाई म्हणतात, ही वरच्या पडीक रानातली कोरी माती आहे. हिच्यात कायबी घातलं नाही. हिच्यावर मॅडमचं काम होतंय का बघा."

ती माती माझ्या प्रयोगाच्या कामाची नव्हती. पण या दोन वर्षांत माझी चूक दुरुस्त करायला कुणी काही पाठवलं असेल, तर ते तेवढंच. आणि मी फोनसुद्धा केला नाही. राग उतरला होता तरी केला नाही. शनिवारी जाऊनच बोलू म्हणत राहिले. ते शनिवार परीक्षांनी खाल्ले, फायलींनी खाल्ले. पौषात शेवंताचा फोन आला, तेव्हा तुझा दहावाही होऊन गेला होता. "तुमचा नंबर सापडत नव्हता, मॅडम. त्या डब्याबद्दल लई येळा इचारलं त्यांनी. म्हनायच्या, तिला डबा परत न्ह्यायला लाव."

त्या डब्याच्या निमित्ताने तुला मला बोलवायचं होतं. कळतंय मला.

आता कालचं. उपाशी वाफ्यांत खत पडलं होतं हे मी प्रमुखांना सांगितलं, तरी त्यांनी निबंध पुढे सरकवला आणि पाठवून द्या म्हणाले. कोण विचारणार, म्हणाले. मी म्हटलं, "सर, कुणी विचारणार नाही, हीच तर भीती आहे." उद्या हा निबंध दाखवून एखादा साहेब वाडीत येईल आणि सांगेल, राब बंद करा, विद्यापीठाने सिद्ध केलंय. शेवंता शिकलेली आहे, कागदावर विश्वास ठेवणारी आहे. ती वाफे तसेच ठेवील. लावणीला रोप कमी पडेल, तेव्हा आमच्यापैकी कोण तिच्या बांधावर उभा राहणार आहे? मेलेल्या बाईच्या गप्प बसण्यावर मी माझी नोकरी बांधू?

ते म्हणाले, "ठीक आहे, मग निरीक्षणं बाद दाखवा. कारण लिहा, अतिवृष्टी."

"अतिवृष्टी झाली नव्हती."

"मग लिहा, स्थानिक शेतकऱ्याचा हस्तक्षेप. ते तर खरं आहे ना?"

हस्तक्षेप! तुझ्या गेलेल्या कंबरेला त्यांनी हे नाव दिलं. मी उठून उभी राहिले. व्यासपीठावर चढतो तो माझा आवाज त्या खोलीत पहिल्यांदा चढला. बाहेर बसलेल्यांनीही ऐकला असेल. ऐकू दे!

बाद करण्याचं कारण मी लिहिलं आहे. माझ्या हाताने, माझ्या सहीने: "संशोधकाने प्रयोगाचा हेतू शेतकरी महिलेला समजावून सांगितला नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची निरीक्षणे बाद. चूक संशोधकाची." त्याखाली आणखी एक ओळ आहे: नव्याने लागलेल्या शिक्षकाला ज्या गावात काम करायचं त्या गावात बसायला, बोलायला, ऐकायला पहिलं वर्ष मोकळं मिळत नाही, तोवर अशी वर्षं बाद होतच राहतील. प्रमुख म्हणाले, ही ओळ काढा, समिती चिडेल. मी काढणार नाही. चिडू दे. माझ्यानंतर जो कोणी त्या किल्ली नसलेल्या कपाटासमोर उभा राहील, त्याच्यासाठी ती ओळ तिथे राहील.

मला भीती वाटत नाही असं नाही. घरी काय सांगू, हे ठरलेलं नाही. रस्त्याकडेच्या आमच्या टपरीवर वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पोरगी युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहे. सोमवारनंतर ते काय सांगतील?

पण तुला एक वचन देते, आत्या. वैशाखात शेवंता आणि मी चार नवे वाफे आखणार आहोत. या वेळी वाडीतल्या सगळ्या बायकांना आधी एकत्र बसवून मी सांगेन, कशापायी ते. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत एसटी गेली तरी बेहत्तर. आणि कुठल्या वाफ्यात काय घालायचं नाही, का घालायचं नाही, हे शेवंता मला स्वतःच्या शब्दांत उलट समजावून सांगेपर्यंत वाफे आखायची एकही दोरी बांधणार नाही. जे येईल ते लिहीन. रोप पिवळं पडलं, तर पिवळं लिहीन. आणि छापून येईल, तेव्हा आधी वाडीत वाचून दाखवीन, मग समितीला.

सोमवारी नोकरी राहिली, तर दर शनिवारी येईन. नाही राहिली, तर रोज येईन.

तुझी,
वृंदा